आमचा हरण्या कशानं गेला, हे सांगणं कुणाचं काम?

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : कुत्रा अचानक मेल्यास शवविच्छेदन व नमुने तपासणीची सोय तालुका पातळीवर करण्याबाबत.

स. न. वि. वि.

हे पत्र भरपाईसाठी नाही, एवढं आधीच सांगून टाकतो. आमच्या भागातून आपल्या खात्याकडं येणारं बरंचसं टपाल भरपाईचंच असतं, म्हणून गैरसमज नको. आमचा कारवान कुत्रा गेला. हरण्या त्याचं नाव. ऐन उमेदीतला होता, अंगावर गोचीड नाही, लसीचं कार्ड पूर्ण. रात्री दूध-भाकरी खाऊन वाघरीभोवती, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीभोवती, फेऱ्या मारत होता आणि पहाटे मेंढरं सोडायला गेलो तर वाघरीच्या कडेला आडवा पडलेला. तो कशानं मेला हे कळावं, एवढंच मागणं घेऊन मी दिवसभर फिरलो. कोणी हाकललं नाही, सगळे नीट बोलले. पण हे काम कुणाचं, ते काही कुणाला सांगता आलं नाही.

कारवान म्हणजे शिकारी कुत्रा, हे लपवण्यात अर्थ नाही. लांबट तोंड, खोल छाती, पाठीला टेकलेलं पोट; वासावर नव्हे, नजरेवर सावज धरणारी जात. कुणी मुधोळ म्हणतं, कुणी कारवानी, कानाशेपटाला लांब केस असले तर पश्मी. मुधोळ संस्थानच्या मालोजीराजे घोरपड्यांनी ही जात जोपासली आणि इंग्लंडच्या पंचम जॉर्ज बादशहाला तिची जोडी भेट दिली, हे आमच्या सीमाभागात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला. आज आमच्याकडं, म्हणजे सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात, हा कुत्रा लांडगा मेंढरांजवळ येऊ देत नाही आणि मक्यातून रानडुकरं उठवून लावतो. पण ‘शिकारी’ हा शब्द काही सुटत नाही. कुत्रं मेलं म्हणून चौकशीला गेलं की पहिला प्रश्न येतो, “शिकारीला नेत होता का?” दोनदा असं विचारलं की माणूस गप्प घरी येतो आणि बांधाला खड्डा काढतो. आपल्या खात्याच्या कागदावर असे मृत्यू दिसत नसतील, तर त्याचं एक कारण हे आहे.

आता त्या दिवशीचं सांगतो. दवाखान्यातले डॉक्टर सज्जन. म्हणाले, “गाय-म्हैस असती तर विम्यासाठी आपण शवविच्छेदन केलंच असतं. कुत्र्याचं करायचं तर पोलिसांचं पत्र आणा, शिवाय व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले पोटातले अवयव, पोलिसांमार्फतच पाठवावा लागतो.” ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी चहा पाजला. म्हणाले, “कुणावर संशय आहे का? नसेल तर गुन्हा कशाचा लिहू? विषबाधा झाल्याचा डॉक्टरांचा दाखला आणा, लगेच लिहितो.” भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ त्यांना पाठ होतं. जनावर मारलं, विष घातलं, निकामी केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. कायदा आहे, शिक्षा आहे. पण विष होतं की नाही हे कळल्याशिवाय पत्र नाही, आणि पत्राशिवाय ते कळायची सोय नाही. दोघंही आपापल्या नियमाला धरून बोलत होते, म्हणून भांडायलाही जागा नव्हती. टेम्पोत गोणपाटाखाली हरण्या, आणि ऊन वर चढत चाललेलं.

घरी आलो तर वाघरीपाशी पंचायत बसलेली. चुलते म्हणाले, पान लागलं, म्हणजे साप चावला. शेजारचा म्हणाला, कुणीतरी घातलं. आईनं नजरेवर बोट ठेवलं, कारण मागच्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक भलती किंमत बोलून गेलं होतं. मी एका निवृत्त पशुवैद्यकांना फोन लावला. त्यांनी जे समजावलं ते आपल्याला कळवणं गरजेचं आहे, कारण सगळा मुद्दा त्यातच आहे.

हरण्याच्या तोंडाला फेस होता, पोट टम्म फुगलेलं, मागं जराशी घाण झालेली. अंगावर जखम नाही, सूज नाही. ही लक्षणं कशाकशाला जुळतात बघा. खोल छातीच्या कुत्र्यांच्या जठरात वारा भरून जठरालाच पीळ पडतो. कुत्रं नुसतं ओकाऱ्या काढतं, बाहेर काही येत नाही, आणि काही तासांत जातं. पोट त्यानंही फुगतं आणि मेल्यावर उन्हात पडूनही फुगतं. वरून फरक कळत नाही, पण पोट उघडलं की जठराचा पीळ आणि जागा सोडून काळीनिळी पडलेली प्लीहा जाणत्याला लगेच दिसते. फेस आणि घाण म्हटलं तर फोरेटसारखं कीटकनाशकही असू शकतं. फोरेट, म्हणजे आमच्याकडचं थायमेट, २०२० च्या अखेरीपासून देशात बंद आहे. बंद झाल्यानं शेतघरातल्या फळीवरचा जुना डबा आपोआप उठून जात नाही. उंदरांचं काळं औषध, म्हणजे झिंक फॉस्फाईड, असेल तर पोटातल्या अन्नाला लसणीसारखा वास येतो. त्यासाठीही पोट उघडावंच लागतं. आणि मण्यार चावली असेल तर ना सूज, ना दाताची खूण. आमचे चुलते बरोबरही असतील.

आणखी एक सांगतो, जाता जाता. आमच्याकडं तासगाव-कवठेमहांकाळच्या बाजूला बेदाण्याची शेडंच शेडं आहेत. द्राक्षं आणि बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतो, हे त्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत गावात एकालाही माहीत नव्हतं. हरण्या त्यानं गेला नसणार, कारण ते दुखणं दोन-चार दिवस चालतं. पण आजवर किती कुत्री रॅकखालचा सांडलेला माल खाऊन झुरत मेली आणि आपण ‘कावीळ झाली असेल’ म्हणून सोडून दिलं, याचा हिशोब कुठल्या दप्तरात सापडणार?

कारण न कळल्यानं काय बिघडतं, असं आपले अधिकारी विचारतील. पहिलं हे, की गावात संशय राहतो. आमच्या बांधाला बांध असलेल्या एका घरावर अख्ख्या वस्तीचा डोळा आहे. मका त्यांचा, रानडुकरांचा त्रास त्यांना, औषध फवारणारे ते. मी स्वतः त्यांच्यावर बोट ठेवलेलं नाही आणि ठेवणारही नाही. पण त्या घरचा पोरगा आता आमच्या विहिरीवर पाण्याला येत नाही. पोट उघडून जठराला पीळ दिसला असता तर ते घर त्याच दिवशी सुटलं असतं. आणि विष निघालं असतं तर कलम ३२५ कशाला आहे?

दुसरं त्याहून गंभीर. पिसाळलेलं कुत्रं म्हणजे लाळ गाळत चावत सुटलेलं, असंच आपण समजतो. पण रेबीजचा एक मुका प्रकार असतो. त्यात कुत्रं चावत नाही, अंग लुळं पडतं आणि मरतं. आमची पोरं हरण्याच्या तोंडात हात घालून खेळायची. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या बाईंनी सरळ विचारलं, “कुत्र्याला रेबीज नव्हता, हे खात्रीनं सांगू शकता?” लसीचं कार्ड दाखवलं. “कार्ड ठीक आहे, मेंदू तपासला का?” घरातल्या सगळ्यांनी सुया घेतल्या. त्या बाईंचं काहीच चुकलं नाही. रेबीजचं पक्कं निदान मेंदूच्या नमुन्यावरच होतं, आणि तो नमुना घेऊन बर्फात ठेवणारा कुणी नव्हता.

केंद्र सरकारनं २०२१ साली कुत्र्यांपासून होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. जनावरांच्या सांसर्गिक रोगांच्या २००९ च्या कायद्याच्या यादीत रेबीज आहे, म्हणजे संशय आला तर कळवणं बंधनकारक. पण संशय येणार कुठून? अचानक मेलेलं प्रत्येक कुत्रं न तपासता पुरलं तर रोग कमी झाला की नुसता दिसेनासा झाला, हे २०३० साली कोण सांगेल?

कौतुकाला मात्र तोटा नाही. २००५ मध्ये या जातीचं टपाल तिकीट निघालं. २०१६ मध्ये लष्कराच्या मेरठच्या केंद्रात मुधोळ कुत्री प्रशिक्षणाला गेली. २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये नाव घेतलं, आणि त्यानंतर आमच्याकडं पिल्लांना भाव आला. कर्नाटकानं मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीसाठी संशोधन केंद्रच उभं केलं आहे. आपल्याकडं लातूर-नांदेडपासून आमच्या सीमेपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या ही जात धनगरांनी आणि शेतकऱ्यांनी खिशातल्या पैशानं टिकवली. एका ओळीचा नर कशानं मेला हे कळलं नाही, तर त्याच ओळीची पिल्लं पुढं घ्यायची का नाही हेही कळत नाही. हृदयाचा दोष असेल तर? हरण्याच्या दोन पिल्लांचं बोलणं झालं होतं. घेणाऱ्याला मी काय सांगू?

आपल्याकडं नवी इमारत मागत नाही. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे. शिरवळ, उदगीर, परभणी, नागपूर इथं पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. ज्ञान आहे, सूक्ष्मदर्शक आहेत. पण आमच्या वस्तीपासून शिरवळ दोनशे किलोमीटरांच्या वर पडतं आणि मेलेलं जनावर उन्हात वाट बघत नाही. तेव्हा हरण्या शिरवळला जाण्यापेक्षा त्याच्या अवयवांचे तुकडे जाऊ देत. तालुक्याच्या दवाखान्यात फॉर्मेलिनच्या बरण्या, विषाच्या तपासणीसाठी मिठाचं संतृप्त द्रावण आणि मेंदूच्या नमुन्यासाठी बर्फाची पेटी, एवढा संच कायम भरलेला असावा. कुत्र्याचं शवविच्छेदन मालकाच्या साध्या अर्जावर व्हावं, माफक फी घेऊन, आम्ही देऊ. विष तपासायला गुन्हा नोंदलेला असण्याची अट काढावी, निदान पहिल्या तपासणीपुरती तरी. १९६२ या फोन नंबरवर बोलवायची फिरती पशुवैद्यकीय पथकं आजारी जनावरांसाठी आहेत, ती तशीच राहू देत, पण परतीच्या वाटेवर सीलबंद पेटी जिल्ह्याला पोचवायला त्यांना अडचण नसावी. आणि अर्जात कुत्र्याची जात लिहायचा रकाना असला, तरी ‘शिकारीसाठी वापर होता का’ असा प्रश्न त्यात नको.

२०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा हेच खातं गावोगाव फिरलं, मेलेल्या प्रत्येक जनावराचा पंचनामा झाला, भरपाईचे पैसे खात्यावर जमा झाले. मनावर घेतलं की यंत्रणा हलते, हे आम्ही डोळ्यांनी बघितलेलं आहे. म्हणून तर लिहितोय.

या पत्राला उत्तर आलं आणि ते सरकारी भाषेत असलं तरी चालेल. त्यात एवढं असावं, की कुत्रं अचानक मेलं तर ते कोणत्या दवाखान्यात न्यायचं, किती तासांच्या आत न्यायचं, तिथं कोणत्या हुद्द्याचा माणूस नाही म्हणू शकत नाही, आणि अहवाल कुणाच्या सहीनं मिळेल.

आपला,
पूर्व सांगलीतला एक मेंढपाळ शेतकरी