दुसऱ्या माईककडे तोंड करून

प्रॉव्हिडन्स, 9 ऑगस्ट

तीर्थरूप आबांस,
साष्टांग नमस्कार.

आईच्या गुडघ्याबद्दल रविवारी फोनवर बोलूच. हे पत्र एका सॅक्सोफोनवाल्यासाठी लिहितोय. त्याचं नाव पॉल गोन्साल्विस. नाव वाचून मला वाटलं, गोव्याचाच असणार. पण त्याचे आईवडील आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांवरचे. तेव्हा तिथेही पोर्तुगीजांचंच राज्य होतं, म्हणून आडनाव आपल्या ओळखीचं.

मी राहतो त्याच राज्यात समुद्राकाठी न्यूपोर्ट म्हणून गाव आहे. तिथे 7 जुलै 1956 च्या रात्री ड्यूक एलिंग्टन या अमेरिकन जाझ संगीतकाराचा बँड वाजवत होता. उशीर झालेला, काही लोक घरी निघालेले. एलिंग्टननी 1937 सालची आपली एक जुनी रचना काढली. तिचे दोन भाग आहेत आणि मधली जागा गोन्साल्विसने एकट्याने भरायची होती.

आबा, तुमच्या हिशेबात सांगतो. 48 मात्रांचं एक आवर्तन, अशी त्याने 27 आवर्तनं न थांबता वाजवली. मागे फक्त ड्रम, बास आणि अधूनमधून पियानो. सुरुवातीला तो काही विशेष करत नाही. लहानशी ओळ घेतो, तीच थोडी वळवतो, पुन्हा घेतो. सातव्या-आठव्या आवर्तनापर्यंत माझा पाय आपोआप हलायला लागला. मग रेकॉर्डिंगमध्ये लोकांचा आवाज चढत जातो. प्रेक्षकांतली एक बाई उठून नाचायला लागली होती म्हणतात. एलिंग्टन मागून ओरडून त्याला चेतवताना स्वच्छ ऐकू येतात. एवढ्या गलक्यातही हा माणूस लय सोडत नाही. तान मारून टाळी घ्यावी असा मोह त्याला एकदाही होत नाही.

मला भजनाच्या डबलबारीतला तुमचा गजर आठवला. कोरस चढतो, झांज तापते, मंडपातली माणसं उभी राहतात, आणि तुम्ही पेटीवर मान खाली घालून तीच ओळ परत घेता. लहानपणी मला वाटायचं, आबा आता काहीतरी मोठं का करत नाहीत? ते तेव्हाच चाललं होतं, हे मला इथे, या माणसाचं वाजवणं ऐकताना कळलं.

एक गोष्ट मात्र जिवाला लागली. त्या रात्री तो चुकून दुसऱ्याच माईककडे तोंड करून वाजवत होता. तो माईक व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओचा होता. त्यामुळे कोलंबिया कंपनीच्या रेकॉर्डवर त्याचा सॅक्सोफोन लांबून आल्यासारखा वाटतो. पुढे रेडिओची टेप सापडली, दोन्ही ध्वनिमुद्रणं जुळवली आणि 1999 साली तो नीट ऐकू आला. तोवर त्याला जाऊन 25 वर्षं झाली होती. मी दोन्ही ऐकली. दुसऱ्यात त्याचा श्वाससुद्धा जवळ वाटतो.

दादाच्या पोराने गेल्या गणपतीतलं तुमचं भजन पाठवलं होतं, त्यात फोन पखवाजाजवळ ठेवला होता. सगळं दणदणीत आलंय, फक्त तुमचा आवाज खोल विहिरीतून यावा तसा. यंदा त्याला सांगा, फोन पेटीच्या डाव्या बाजूला, स्टुलावर, तुमच्या तोंडासमोर ठेव. आणि गजर मध्येच तोडू नको, पूर्ण घे, कितीही लांबला तरी. मला तो अख्खा हवा आहे.

आईला नमस्कार.

तुमचा धाकटा