पुलाचा सांधा डांबराखाली गाडू नका

महोदय,

पुलावर ठरावीक अंतराने बसणाऱ्या दणक्यांबद्दल वाचकांची पत्रे अधूनमधून छापून येतात. तक्रार खरी असते, पण तिच्यावर होणारा उपाय बहुधा चुकीचा असतो. डांबरीकरण करताना सांध्यावरूनही, म्हणजे पुलाच्या भागांना लांबायला-आखडायला ठेवलेल्या फटीवरूनही, थर ओढला जातो. काही महिने गाडी गुळगुळीत जाते, सगळे खूश होतात आणि दुखणे खाली बेअरिंगकडे, म्हणजे गर्डर (पुलाची मोठी तुळई) ज्यावर टेकतो त्या आधाराकडे, सरकते.

काँक्रीट तापमानाच्या प्रत्येक अंशाला लांबीच्या दहा लाखांत सुमारे १२ भाग वाढते. ४० मीटरच्या गाळ्यात (दोन खांबांमधल्या भागात) ३० अंशांच्या फरकाने ही वाढ साधारण १४ मिलिमीटर होते. असे तीन गाळे सलग जोडून एका टोकाला जखडले, तर दुसऱ्या टोकाला ४३ मिलिमीटर. शिवाय प्रीस्ट्रेस्ड (ताणलेल्या तारांनी दाबून धरलेले) गर्डर आकसन आणि क्रीपमुळे (सततच्या दाबाखाली काँक्रीट हळूहळू दबत गेल्यामुळे) कित्येक वर्षे आखूड होत राहतात, आणि ही हालचाल उलट फिरत नाही. फटीवर घातलेल्या डांबराला ही सगळी हालचाल काही सेंटिमीटरच्या पट्टीत सोसावी लागते. तो फाटतो. त्याचे तुकडे आणि खडी फटीत अडकतात, उन्हाळ्यात फट मिटायला जागा उरत नाही आणि गर्डरचे टोक अॅबटमेंटच्या, म्हणजे पुलाच्या टोकाच्या आधाराच्या, भिंतीला ढकलून तिला तडे पाडते.

त्याहून वाईट म्हणजे पाणी. बुजलेल्या सांध्याचे रबरी सील फाटले तरी वरून दिसत नाही. पाणी, माती गर्डरच्या टोकावर आणि पिअर कॅपवर (खांबाच्या माथ्यावर) साचतात. बेअरिंग तिथेच असते आणि तिथे ऊन-वारा पोहोचत नाही. रोलर गंजून अडकतो. पॉट बेअरिंगमधल्या (पोलादी भांड्यात रबर बसवलेल्या बेअरिंगमधल्या) टेफ्लॉन आणि स्टेनलेस पत्र्याच्या मध्ये कचरा शिरतो. स्वच्छ असताना हे घर्षण भाराच्या ३ ते ५ टक्के, म्हणजे २०० टन भाराला ६ ते १० टन असते. अडकले की ते कित्येक पटींनी वाढते आणि खांबाला वाकवू लागते.

साधे रबरी बेअरिंग, म्हणजे पोलादी पत्रे आत व्हल्कनाइझ केलेले, त्या मानाने सोशिक. पत्र्यांच्या मधले रबर बाहेर फुगलेले दिसते, त्याने घाबरू नये; फुगवटा सगळीकडे सारखा असेल तर ते नैसर्गिक आहे. एकाच बाजूला फुगवटा, आडवी भेग, उघडा पडलेला गंजका पत्रा किंवा जागेवरून सरकलेले बेअरिंग दिसले तर मात्र काळजी. आडवी सरक साधारणपणे रबराच्या एकूण जाडीच्या ०.७ पटीत राहावी. ५० मिलिमीटर रबराला ३५ मिलिमीटर. साध्या मोजपट्टीने आणि ओळंब्याने हे तपासता येते. क्षुल्लक वाटाव्यात अशा आणखी दोन चुका: पॉट बेअरिंगचे वाहतुकीसाठी लावलेले क्लॅम्प काढायचे राहतात, आणि एकाच दिशेने सरकणारे बेअरिंग आडवे बसवले जाते.

दणक्याचे मूळ बहुतेक वेळा सांध्याच्या कडेच्या पोलादी बीममध्ये असते. बीमखाली काँक्रीट नीट भरले नाही, तर पोकळीमुळे प्रत्येक चाक त्याला हातोडा मारते. आधी खडखड, मग अँकर तुटतात. म्हणून नवा सांधा बसवताना डांबराचा थर त्याच्या जागेवरून आधी सलग घालावा, मग करवतीने कापून खाचा उघडाव्यात आणि बीम त्याच पातळीत किंवा किंचित खाली बसवावा. फटीची रुंदी हवेच्या नव्हे, डेकच्या (पुलाच्या वरच्या स्लॅबच्या) काँक्रीटच्या तापमानावरून ठरवावी. ८० मिलिमीटरपर्यंतच्या हालचालीला स्ट्रिप सील (दोन कडांच्या बीममध्ये बसवलेली एक रबरी पट्टी) चालते, त्यापुढे मॉड्युलर सांधा (अशा अनेक पट्ट्यांचा). सील एकाच अखंड लांबीचे हवे. जोड तिथे गळती. साच्याचा थर्मोकोल फटीत राहू देऊ नये.

बेअरिंग बदलायची वेळ आली, तर एका ओळीतले सगळे गर्डर एकाच वेळी, बेअरिंग मोकळे होण्यापुरते, सहसा ५ ते १० मिलिमीटर उचलावेत. शेजारच्या जॅकमधला फरक एक-दोन मिलिमीटरपलीकडे गेला, तर डायफ्रामला (गर्डरांना एकमेकांशी जोडणाऱ्या आडव्या भिंतीला) तडे जातात. उचलल्यावर लॉकनट (जॅकवरचे भार धरून ठेवणारे नट) आवळल्याखेरीज कोणी आत हात घालू नये. तेलाच्या दाबावर भार सोडणे हा जुगार आहे. हे सगळे जॅकला जागा असेल तरच! नवे पूल आखताना पिअर कॅपवर ती जागा आणि डायफ्रामची ताकद आधीच ठेवली, तर पुढची पिढी धन्यवाद देईल.

अर्धसांध्याच्या पुलांना याहून जास्त जपावे लागते, कारण गर्डरचे एक टोक दुसऱ्याच्या खाचेवर टेकलेले असते आणि आतला भाग दिसतच नाही. कॅनडातल्या लावाल येथे ३० सप्टेंबर २००६ रोजी असा पूल कोसळून पाच जण गेले. मुख्य कारण सळयांची चुकीची मांडणी आणि निकृष्ट काँक्रीट. पण वाढत जाणारी भेग त्या आडोशात दडून राहिली.

तेव्हा डांबरीकरणाच्या निविदेत सांधा उघडणे, साफ करणे आणि सील तपासणे ही स्वतंत्र बाब असावी. पावसाळ्याआधी पिअर कॅप धुवाव्यात, पाण्याचे पाइप मोकळे करावेत. वर्षातून दोनदा, कडक उन्हाळ्यात आणि थंडीत, प्रत्येक सांध्याची फट व बेअरिंगची सरक डेकच्या तापमानासह नोंदवावी. दोन्ही ऋतूंत आकडा तोच आला, तर काहीतरी अडकले आहे, एवढे नक्की.

आपला,
एक स्थापत्य अभियंता