‘लाइफटाइम फ्री’ कार्डाचे पॉइंट रुपयांत सांगा

संपादक महोदय, स. न.

नागपुरात मॉलमध्ये, पेट्रोल पंपावर टेबल मांडून ‘लाइफटाइम फ्री’ क्रेडिट कार्डाचे फॉर्म भरून घेतले जातात. खर्चावर बक्षीस म्हणून पॉइंट किती मिळतील ते तिथे ठासून सांगतात, त्या पॉइंटचे रुपये किती होतात ते कुणी सांगत नाही. आधी एवढे पाहा की कार्ड खरेच लाइफटाइम फ्री आहे की फक्त पहिले वर्ष. दुसऱ्या प्रकारात पुढच्या वर्षी शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो.

१०० रुपयांवर ३ पॉइंट ऐकायला भरघोस वाटतात. पॉइंट २५ पैशांचा असला तर हाती येतात ७५ पैसे. ते वटवतानाही काही बँका ९९ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे जवळपास ११७ रुपये घेतात. अशा कार्डावर पॉइंट साठवून एकदमच वटवावेत, मुदत तेवढी तपासावी. दर १५० रुपयांना पॉइंट देणाऱ्या कार्डावर २९० रुपयांच्या किराण्यातले १४० रुपये हिशेबातच येत नाहीत. छोटी बिले जास्त असणाऱ्या घराला सरळ कॅशबॅकचे कार्ड बरे. ॲमेझॉन पे आयसीआयसीआय कार्ड ॲमेझॉनवरच्या बहुतेक खरेदीवर प्राइम सदस्याला ५ टक्के देते, इतरांना ३. मात्र त्या जादा २ टक्क्यांसाठीच १,४९९ रुपयांचे प्राइम घेतले, तर ते वसूल व्हायला वर्षाला सुमारे ७५,००० रुपयांची खरेदी तिथेच करावी लागते.

खरी गळती रोजच्या खर्चात होते. महावितरणकडे वीजबिल ऑनलाइन भरायला शुल्क नाही, अपवाद क्रेडिट कार्डाचा. शिवाय अनेक बँका वीजबिल, घरभाडे, वॉलेट यांवर पॉइंट कमी देतात किंवा देतच नाहीत. पेट्रोलवर १ टक्का सरचार्ज लागतो. त्याची माफी बऱ्याच कार्डांत ४०० रुपयांच्या पुढेच मिळते, म्हणजे स्कूटरमध्ये २०० चे पेट्रोल टाकणाऱ्याला नाही. आणि सरचार्जवरचा जीएसटी तर कुणालाच परत मिळत नाही. इतवारीत ठोक किराणा घेताना दुकानदाराने कार्डासाठी २ टक्के वर मागितले, तर १ टक्का कॅशबॅकसाठी कार्ड खिशातून काढूच नये. गोकुळपेठच्या भाजीबाजारात रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून वापरता येते, कारण छोट्या दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंत त्याचे शुल्क पडत नाही. क्यूआर मात्र व्यापारी खात्याचा हवा. दुकानदाराने स्वतःच्या बचत खात्याचा लावला असेल तर व्यवहार होत नाही.

आता सर्वांत महाग चूक. महिन्याला २०,००० खर्चावर १ टक्क्याने २०० रुपये मिळतात. बिलावर छापलेली ‘किमान रक्कम’ भरून बाकी ठेवली, की बिनव्याजी मुदत जाते, व्याज खरेदीच्या तारखेपासून लागते आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून सुरू होते. दरमहा ३.७५ टक्क्यांनी २०,००० वर ७५० रुपये, जीएसटीचे १३५, एकूण ८८५. चार महिन्यांहून अधिक कमाई एका महिन्यात गेली! ऑटोपे लावताना ‘एकूण देय रक्कम’ हाच पर्याय निवडा. काही ॲपमध्ये ‘किमान’ आधीच निवडलेला असतो. कार्डावर एटीएममधून रोख कधीच काढू नका.

नको असलेले कार्ड पडून ठेवण्याचीही गरज नाही. थकबाकी नसेल तर अर्जानंतर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करणे बँकेवर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये देण्याचा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे.

बँकांकडे मागणी एवढीच: एका पॉइंटचे रुपयांतले मोल, वटवण्याचे शुल्क आणि पॉइंट न मिळणाऱ्या खर्चांची यादी फॉर्मच्या पहिल्याच पानावर, मराठीत आणि ठळक अक्षरांत छापावी. टेबलावर बसलेल्या प्रतिनिधीने सहीपूर्वी ती वाचून दाखवावी.

— एक वाचक, धरमपेठ, नागपूर