कुंडी फुटली, की फोडली?

प्रति,
मा. सॉनी आंगारा,
शिक्षण सचिव, फिलिपिन्स

माननीय आंगारासाहेब,

हे पत्र मराठीत आहे आणि तुम्हाला मराठी येत नाही. माझी टागालोग सहावीच्या वर्गातच राहिली. तिच्यात मला अजून खेळता येतं, भांडता येतं, पण मंत्र्याला पत्र लिहिता येत नाही. (इथल्या वाचकांसाठी: तिकडे मंत्र्याला सेक्रेटरी म्हणतात.) दावाओत महाराष्ट्रातली मुलं डॉक्टरकी शिकतात, त्यांतल्या एखाद्याला समोर बसवून वाचून घ्या.

१९८१ मध्ये माझे वडील कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून पीएचडीसाठी लोस बान्योसला आले. पुढे तिथेच काम मिळालं आणि सहा वर्षं आम्ही त्या गावचे झालो. योगायोग असा, की नेमक्या त्याच वर्षांत तुमचे वडील फिलिपिन्स विद्यापीठाचे अध्यक्ष होते, म्हणजे आमच्या गावातल्या आवाराचेही. तेव्हा आपली ओळख अगदीच नाही असं नाही.

लोस बान्योस म्हणजे न्हाण्या. माकिलिंग डोंगराखालच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवरून पडलेलं नाव. आई दापोलीकडची. 'हे तर आपलं उन्हवरे' म्हणून तिने पहिल्याच आठवड्यात गावाला घरात घेतलं. जगाला हे गाव आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेमुळे माहीत आहे. आयआर-८ हे वाण १९६६ मध्ये तिथूनच बाहेर पडलं. आम्हा मुलांचं गाव मात्र वेगळं होतं. सकाळी पानदेसाल पावाचा वास यायचा, मग खांद्यावर कावड घेऊन 'ताहोऽऽ' अशी हाळी देणारा माणूस. त्याच्या एका डब्यात गरम, मऊ सोयाबीनचा खरवसासारखा पदार्थ, दुसऱ्यात गुळाचा पाक आणि साबुदाणा. आई आणे-पैशांचा हिशोब काटेकोर ठेवणारी, पण ताहोवाल्याला तिने कधी परत पाठवलं नाही. रविवारी 'बुको पाय', शहाळ्याच्या मलईचं सारण भरलेला भाजका गोड पदार्थ. सुक्या मासळीचा वास शेजारून आला की वडील म्हणत, 'चला, कोकणात पोचलो.'

आणि जीपनी, म्हणजे तिकडची समोरासमोर बाकांची प्रवासी जीप. मागे बसलेल्याने 'बायाद पो' (घ्या भाडं) म्हणत नाणं पुढे द्यायचं, ते पाच-सहा अनोळखी हातांतून ड्रायव्हरपर्यंत जायचं आणि सुटे त्याच वाटेने परत यायचे. सहा वर्षांत माझा एक सेंटावोही कमी आला नाही. तुमच्या देशातल्या पूरनियंत्रणाच्या पैशांतल्या घोटाळ्याबद्दल वाचलं, २०२५च्या २१ सप्टेंबरला लोक रस्त्यावर उतरल्याचं वाचलं, तेव्हा मला पहिल्यांदा ती जीपनी आठवली. खालच्या बाकांवर पैसे नीट पोचतात, वर गेल्यावर हात बदलतात.

शाळेबद्दल लिहायला बसले तर पत्र संपणार नाही. कर्जतच्या शाळेत मी नुकतीच 'भारत माझा देश आहे' पाठ केलं होतं, तर इथे 'इनीईबिग को आंग पिलिपिनास' म्हणायचं. अर्थ विचारला तर वडील हसले. म्हणाले, 'तेच आहे गं, माझ्या देशावर माझं प्रेम आहे.' मग मी दोन्ही देशांवर इमानाने प्रेम करायला लागले. प्रत्येकाने घरून अर्ध्या नारळाचं सोडण आणायचं. लाकडी जमिनीला लाल मेण लावलं की सोडणावर एक पाय ठेवून, कमरेत हलत, अख्खा वर्ग ती घासायचा. त्याला 'बुनोत' म्हणायचे. शिक्षा म्हणूनही तेच आणि मजा म्हणूनही तेच, त्यामुळे शिक्षेचा धाक कुणाला फारसा नव्हता. मधल्या सुट्टीत पाटिंतेरो. जमिनीवर पाण्याने पाट्या आखायच्या, एकेका पाटीवर एकेक जण अडवायला उभा आणि बाकीच्यांनी हुलकावणी देत पार जायचं. पहिल्या दिवशी मला कुणी नियम सांगितलेच नाहीत, सांगावे लागलेच नाहीत. आट्यापाट्याच त्या.

अशाच एका पाटिंतेरोत व्हरांड्यातली कुंडी गेली. मॅडम बाहेर आल्या. आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, 'नाबासाग पो आंग पासो.' कुंडी फुटली, मॅडम.

मॅडमनी एकच शब्द विचारला. 'सिनो?' कोणी?

मग त्यांनी तिथेच व्याकरण शिकवलं. 'नाबासाग' म्हणजे फुटली, आपोआप, वाऱ्याने, नशिबाने. 'बिनासाग' म्हणजे फोडली, आणि फोडली म्हटलं की फोडणारा आलाच. मराठीत हे इतकं तंतोतंत बसतं, की मला ते कधी भाषांतर करून समजून घ्यावं लागलं नाही. कुणीच कबूल झालं नाही. आठवडाभर सगळ्या वर्गाने बुनोत केलं.

१९८५ मध्ये त्याच मॅडमनी वर्तमानपत्र वर धरून मला विचारलं, हे तुमच्याकडचे ना? बाबा आमट्यांना मॅगसेसे पुरस्कार जाहीर झाला होता. मला आनंदवन कुठे आहे हेही नीट सांगता आलं नाही. उलट मॅडमनीच मला सांगितलं, की रामोन मॅगसेसे हा एक माणूस होता, राष्ट्राध्यक्ष होता, त्याने मालाकान्यांग राजवाड्याची दारं सामान्य माणसांना उघडली आणि १९५७ मध्ये तो विमान अपघातात गेला. महाराष्ट्रात आजही विचारून बघा. विनोबांपासूनची नावं लोक धडाधड सांगतील, पण मॅगसेसे कोण, तर 'पुरस्कार'. माणूस गळून गेला आणि पारितोषिक उरलं.

पुढच्या फेब्रुवारीत एड्सा झालं, म्हणजे मनिलातल्या त्या नावाच्या हमरस्त्यावर हुकूमशहा मार्कोस यांच्याविरुद्ध लोकांचा उठाव. आम्ही मनिलापासून साठेक किलोमीटरवर, सगळं रेडिओवरून. मनिलाचे आर्चबिशप कार्डिनल सिन यांनी लोकांना रस्त्यावर यायला सांगितलं ते शनिवारी रात्री. मंगळवारी, २५ तारखेला, एकाच दिवशी दोन राष्ट्राध्यक्षांचे शपथविधी झाले, सकाळी विरोधी नेत्या कोरी अकिनो यांचा आणि दुपारी मार्कोस यांचा. रात्री मार्कोस देश सोडून गेले. शाळेत मॅडमनी वर्गातल्या सगळ्यांत उंच मुलाला बाकावर चढवलं आणि फळ्यावरची मार्कोस यांची तसबीर उतरवून घेतली. भिंतीवर फिक्या रंगाचा चौकोन राहिला. कुणीतरी म्हणालं, 'उमालिस ना.' गेले. मॅडम म्हणाल्या, 'पिनाआलिस.' घालवले. मार्चमध्ये आमचा सहावीचा निरोप समारंभ झाला, तोपर्यंत तो चौकोन तसाच होता.

आता मुद्द्याचं.

२०२३ मध्ये तुमच्या खात्याने सहावीच्या सामाजिक शास्त्रांच्या नव्या अभ्यासक्रमात 'दिक्तादुरांग मार्कोस' (मार्कोस हुकूमशाही) हे शब्द बदलून नुसतं 'दिक्तादुरा' केल्याच्या बातम्या आल्या. हुकूमशाही झाली. कुंडी फुटली. निर्णय तुमच्या कारकिर्दीतला नाही, तुम्ही जुलै २०२४ मध्ये आलात. पण नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे आणि ठरल्याप्रमाणे सहावीची पाळी २०२६-२७ची, म्हणजे ती तुमच्या खात्यावर. आताचे राष्ट्राध्यक्ष त्याच मार्कोस यांचे पुत्र, आडनाव तेच आहे, हे मलाही दिसतं. अडचण कळते. तरीही तुमच्या हातात माझ्या भावनेपेक्षा भक्कम गोष्ट आहे: २०१३चा तुमच्याच देशाचा कायदा, क्रमांक १०३६८. मार्कोस यांच्या मार्शल लॉमधल्या अत्याचारांचं शिक्षण शाळेपासून द्यावं असं तो सांगतो. त्याच कायद्याखाली ११,१०३ पीडितांना अधिकृत मान्यता मिळाली आणि भरपाईचे दहा अब्ज पेसो आले ते मार्कोस यांच्या स्विस खात्यांतून परत मिळवलेल्या पैशातून. कायद्यात नाव चालतं आणि पुस्तकात चालत नाही, हे सहावीतल्या मुलीला कसं समजावणार?

आणखी एक, जरा आगाऊपणाचं. तुमच्या १९८७च्या संविधानात राजकीय घराण्यांना मनाई आहे, मात्र 'कायदा ठरवील त्याप्रमाणे', आणि तो सर्वसाधारण कायदा तुमच्या संसदेने केलेला नाही. २०१६ मध्ये ही मनाई लागू केली ती बारांगाय (म्हणजे गाव-वस्ती) पातळीवरच्या तरुणांच्या मंडळांना, १८ ते २४ वयाच्या पोरांना. तुम्ही स्वतः सिनेटरचे पुत्र आणि सिनेटर होतात, म्हणून हे तुम्हाला म्हणणं सोपं नाही. मी महाराष्ट्रातून लिहिते आहे, तेव्हा मला तर मान वर करून बोलायची सोयच नाही. पण नेतृत्व वारशाशिवायही उगवतं हे मी तुमच्याच देशाकडे बघून शिकले. नागा शहराचे महापौर जेसी रोब्रेदो सपाता घालून वस्तीत फिरायचे, २००० साली त्यांना मॅगसेसे मिळाला, आणि तेही विमान अपघातातच गेले, २०१२ मध्ये. त्यांच्यावर सहावीला दोन पानं द्या. मुलं आवडीने वाचतील.

मागणी तेवढीच: ते नाव जागेवर ठेवा.

आणि इतकं लिहिल्यावर मलाही सुटका नाही. ती कुंडी मी फोडली. तिसऱ्या पाटीवर हुलकावणी देताना कोपर लागलं. मॅडमना तुमच्या खात्याकडून कळवता आलं तर बघा.

आपली,
लोस बान्योसची एक जुनी विद्यार्थिनी
पुणे