ग्रंथांच्या ई-प्रती जुन्या संगणकालाही पेलाव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुने मराठी ग्रंथ आता संगणकावर मोफत वाचायला मिळतात, अशा आशयाचा मजकूर आपल्या दैनिकात अधूनमधून येतो आणि तो खोटा नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तके पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येतात, राज्य मराठी विकास संस्थेने दोलामुद्रितांसारखे (म्हणजे मुद्रणाच्या बाल्यावस्थेत छापलेले) दुर्मिळ ग्रंथ स्कॅन करून वाचकांसमोर ठेवले आहेत आणि मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक एकेक पान टंकून काढत आहेत. या कामाविषयी मनात आदर ठेवूनच, तालुक्याच्या गावातील ‘क’ वर्गाच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात काम करणारा कार्यकर्ता म्हणून एक अडचण मांडतो. या प्रती ज्या संगणकांवर उघडल्या जातात ते संगणक कसे असतात, याचा विचार प्रत तयार करताना फारसा झालेला दिसत नाही.

आमच्या ग्रंथालयातील संगणक एका देणगीदाराने आपल्या कार्यालयातून काढलेला आहे. त्यात २ जीबी रॅम आहे, ३२ बिटचे विंडोज ७ आहे आणि हार्ड डिस्कवर मोकळी जागा मोजून-मापून वापरावी लागते. गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षक, ज्यांना गावात सगळे गुरुजी म्हणतात, एकोणिसाव्या शतकातील एका चरित्रग्रंथाची चौकशी करत आले. छापील प्रत जिल्ह्यात कुठे मिळाली नाही, म्हणून आम्ही संगणकीय प्रत उतरवून घेतली. ४१२ पानांच्या त्या ग्रंथाची फाइल ३८० एमबीची निघाली. पान उलटले की आधी पांढरा पडदा दिसे, मग वरून खाली अर्धे पान उमटे आणि उरलेले अर्धे उमटेपर्यंत गुरुजी चष्मा पुसून घेत. चाळिसाव्या पानापाशी संगणक पूर्ण थांबला. ही फाइल कोणत्या संस्थेची होती याला येथे महत्त्व नाही, कारण अशाच फाइली आम्हाला चार-पाच ठिकाणी मिळाल्या आहेत.

पहिला अडथळा वाचनाचा प्रोग्रॅम बसवण्याचाच होता. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला आणि त्यानंतर एकेक प्रोग्रॅम या संगणकाकडे पाठ फिरवत गेला. गूगल क्रोमची १०९ ही आवृत्ती विंडोज ७ वर चालणारी शेवटची. ई-पुस्तकांच्या व्यवस्थापनासाठी जगभर वापरला जाणारा कॅलिबर हा मोफत प्रोग्रॅम २०२२ सालच्या सहाव्या आवृत्तीपासून ६४ बिटचे विंडोज १० किंवा त्यापुढचे मागतो. नवी आवृत्ती उतरवून तिच्यावर दोनदा क्लिक केले की नकाराची एक ओळ तेवढी दिसते, आणि बसवणाऱ्याला वाटते की आपल्याच हातून काहीतरी चुकले. वास्तविक कॅलिबरची पाचवी आवृत्ती अशा संगणकावर आजही चालते. नुसते वाचायचेच असेल तर सुमात्रा पीडीएफ हा काही एमबींचा प्रोग्रॅम पुरतो, पेन ड्राइव्हवरून न बसवताही तो चालतो आणि पीडीएफ, ईपब (टंकलेल्या ई-पुस्तकांचा प्रकार) आणि देजाव्यू (स्कॅन केलेल्या पुस्तकांचा प्रकार) असे फाइलींचे तिन्ही प्रकार उघडतो. मात्र सुरक्षेचे नवे बदल न मिळणारा संगणक इंटरनेटला जोडलेला ठेवू नये हे बरे. आम्ही फाइली दुसऱ्या संगणकावर उतरवतो आणि पेन ड्राइव्हने आणतो.

आता फाइलीकडे येतो. ती जड का, हे समजून घेताना आमचाही एक गैरसमज दूर झाला. साडेपाच बाय साडेआठ इंचांचे, म्हणजे नेहमीच्या डेमी आकाराचे पान ६०० डीपीआयने (म्हणजे इंचामागे ६०० बिंदू धरून) रंगीत स्कॅन केले, तर त्यात सुमारे १ कोटी ६८ लाख बिंदू येतात आणि प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ३ बाइट धरले तर ते एक पान संगणकाच्या स्मृतीत (रॅममध्ये) सुमारे ५० एमबी जागा घेते. फाइलमध्ये तेच पान जेपेग पद्धतीने आवळून १ एमबीत बसवलेले असते खरे, पण पडद्यावर दाखवण्याआधी ते पूर्ण उलगडावे लागते. म्हणजे डिस्कवरची जागा हा एक प्रश्न आहे आणि स्मृतीवरचा भार हा वेगळाच. जेपेग २००० या पद्धतीत तर फाइल आणखी लहान होते, पण उलगडण्याचे कष्ट वाढतात, आणि लहान फाइल मोठीपेक्षा हळू उघडल्याचा अनुभव येतो. हेच पान ३०० डीपीआयने, फक्त काळ्या-पांढऱ्यात घेतले तर बिंदू ४२ लाखांवर येतात आणि बिंदूमागे एकच बिट लागत असल्याने उलगडलेले पानही अर्ध्या एमबीच्या आसपास राहते. पिवळ्या पडलेल्या कागदाचा रंग हुबेहूब टिपला पाहिजे हा आग्रह जतनाच्या प्रतीसाठी योग्यच आहे, पण वाचणाऱ्याला तो पिवळेपणा पानामागे ५० एमबी देऊन विकत घ्यावा लागतो.

फाइल लहान करण्यासाठी आम्ही प्रथम केले ते बहुतेक जण करतात, म्हणजे तिची झिप केली. ३८० एमबीची ३७६ झाली. पीडीएफच्या आतील चित्रे आधीच आवळलेली असतात, त्यामुळे त्यांची झिप करणे म्हणजे पिळून काढलेला कपडा पुन्हा पिळणे होय. विंडोजमध्ये फोल्डर कॉम्प्रेस करण्याची जी सोय आहे तिचाही अशा फाइलींना काही उपयोग होत नाही.

यानंतर आमच्याकडून जी चूक झाली ती इतरांकडून होऊ नये म्हणून सांगतो. घोस्टस्क्रिप्ट या मोफत प्रोग्रॅममध्ये पीडीएफ लहान करण्याचे तयार पर्याय आहेत. त्यांतील ‘स्क्रीन’ हा पर्याय चित्रे ७२ डीपीआयवर आणतो आणि ‘ईबुक’ हा १५० वर. आम्ही सर्वांत लहान फाइल देणारा पहिला पर्याय निवडला, ती झटपट उघडते हे पाहून खूश झालो आणि डिस्कवर जागा हवी म्हणून मूळ फाइल पुसून टाकली. दोन दिवसांनी गुरुजींनी बोलावले. मुख्य मजकूर कसाबसा वाचता येत होता, पण तळटीपेतला सन १८५१ आहे की १८५९ हे कळेना. अक्षराचा आकार पॉइंटमध्ये, म्हणजे इंचाच्या बहात्तराव्या भागात मोजतात; ७२ डीपीआयला एका पॉइंटला एकच बिंदू मिळतो, त्यामुळे ८ पॉइंटच्या तळटीपेतील अक्षराच्या वाट्याला उंचीचे जेमतेम ८ बिंदू येतात. त्या आठांतच शिरोरेषा, वरची वेलांटी, खालचा उकार आणि जोडाक्षर बसवायचे. रोमन लिपीचे एकेरी अक्षर एवढ्यात ओळखू येत असेल, देवनागरीचा अनुस्वार मात्र पानावरच्या धुळीत जमा होतो. ‘घरात’ आणि ‘घरांत’ यांतला फरक तेवढ्या एका बिंदूवर उभा आहे. १५० डीपीआयला तेच अक्षर सुमारे १७ बिंदूंचे होते आणि ३०० ला ३३ बिंदूंचे. मूळ फाइल मोबाइलच्या इंटरनेटवरून पुन्हा उतरवण्यात दोन संध्याकाळी गेल्या. सन १८५९ होता.

याहून गंभीर धोका डोळ्यांना न दिसणारा आहे. काळ्या-पांढऱ्या पानांसाठी जेबिग-२ नावाची एक पद्धत आहे. तिच्या एका प्रकारात संगणक पानावरची सारखी दिसणारी अक्षरे शोधतो, त्यांतले एकच नमुन्यादाखल साठवतो आणि बाकी सर्व ठिकाणी तोच ठसा उमटवतो. फाइल आश्चर्यकारक लहान होते आणि अक्षरेही स्वच्छ दिसतात, पण दोन वेगळी अक्षरे संगणकाला सारखी वाटली तर चुकीचे अक्षर तितक्याच स्वच्छपणे उमटते. २०१३ साली एका जर्मन संगणकतज्ज्ञाने, एका नामांकित कंपनीच्या स्कॅनरमधून निघालेल्या कागदांत ६ च्या जागी ८ उमटत असल्याचे दाखवून दिले होते, ते याच पद्धतीमुळे. आपल्या लिपीत ‘ब’ आणि ‘व’, ‘ष’ आणि ‘प’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘थ’ आणि ‘य’ अशा जोड्या असताना आणि जुना शिळाछाप पुसट असताना हा धोका किती वाढतो, हे प्रुफे तपासलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. अंधुक अक्षर निदान वाचकाला सावध तरी करते. त्यामुळे ग्रंथांसाठी ही पद्धत वापरायचीच असेल तर तिचा काहीही न गमावणारा प्रकारच निवडावा, किंवा फॅक्सच्या काळापासून चालत आलेली ग्रुप-४ ही पद्धत वापरावी. तिने फाइल थोडी मोठी राहते, पण बिंदू जिथल्या तिथे राहतो.

सध्या आम्ही गुरुजींच्या ग्रंथासारख्या प्रती दुसऱ्या चांगल्या संगणकावर स्कॅनटेलर या मोफत प्रोग्रॅममधून काढतो. त्यात पाने सरळ होतात, कडेच्या काळ्या पट्ट्या जातात, मजकूर काळा-पांढरा होतो आणि छायाचित्रे तेवढी करड्या छटांत राहतात. नंतर ग्रंथाचे प्रकरणांनुसार चार-पाच भाग करतो. मूळ फाइल आता बाहेरच्या डिस्कवर ठेवतो आणि लहान केलेली प्रत तळटीपा, आकडे व अनुस्वार निरखून पाहिल्याशिवाय वाचकाला देत नाही. देजाव्यू या प्रकारात मजकूर आणि पार्श्वभूमी वेगळ्या थरांत ठेवली जात असल्याने स्कॅन केलेल्या पुस्तकाला तो उत्तम आहे, पण मोबाइलवर वाचणाऱ्याला वेगळे ॲप शोधावे लागते, म्हणून आम्ही पीडीएफवरच थांबलो. स्वामित्वहक्काची, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या ६० वर्षांची, मुदत संपलेल्या ग्रंथांपुरतेच आम्ही हे करतो, हेही नमूद करतो.

टंकलेल्या मजकुराची गोष्टच निराळी आहे. युनिकोड मजकूर साठवण्याच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, तरीही ३०० पानांच्या पुस्तकाचा सगळा मजकूर दीड-दोन एमबीत बसतो. ईपब फाइल मुळातच एक झिप असल्याने त्यात तो आणखी आक्रसतो. एका छायाचित्राच्या जागेत अख्खी कादंबरी मावते आणि आमच्या संगणकाला ती जाणवतही नाही. त्यात फॉन्ट जोडून दिला तर ‘दुसऱ्या’ किंवा ‘तऱ्हा’ यांसारख्या शब्दांची मोडतोडही टळते. परंतु हजारो जुने ग्रंथ टंकून तपासायला वर्षे लागतील आणि तोवर स्कॅन केलेल्या पानांवाचून गत्यंतर नाही.

म्हणून ग्रंथांच्या प्रती प्रसिद्ध करणाऱ्या सर्व संस्थांना आपल्या दैनिकामार्फत विनंती करतो की, प्रत्येक ग्रंथाच्या दोन प्रती ठेवाव्यात: एक जतनाची, मूळ रंगातील, आणि दुसरी वाचनाची, ३०० डीपीआयची काळी-पांढरी, मोठ्या ग्रंथाच्या बाबतीत भागांत विभागलेली. स्कॅन करून देणाऱ्या कंत्राटदाराकडून ही दुसरी प्रत त्याच वेळी करून घेतली तर तिला फारसा जादा खर्च येणार नाही. उलट तेच काम प्रत्येक तालुक्याच्या ग्रंथालयाने आपापल्या तोकड्या साधनांनी करायचे ठरवले, तर एकाच ग्रंथाच्या दहा प्रकारे बिघडलेल्या प्रती गावोगाव फिरू लागतील. जिल्हा ग्रंथालयात या वाचन-प्रती पेन ड्राइव्हवर भरून घेण्याची सोय झाली तर दर महिन्याचा मोबाइल डेटाही वाचेल. आणि यांतले काहीच लगेच जमत नसेल, तर निदान प्रत्येक ग्रंथाच्या दुव्याशेजारी फाइल किती एमबीची आहे आणि किती डीपीआयची आहे, एवढे दोन आकडे लिहावेत.

आपला,
एक ग्रंथालय कार्यकर्ता, जि. सातारा