टर्कीला मीठ मुरू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगवर, म्हणजे टर्की हा कोंबडीसारखा मोठा पक्षी भाजून खाण्याच्या तिथल्या सणावर, लेख वाचला. त्यातलं ‘टर्की म्हणजे कोरडं, बेचव मांस’ हे वाक्य मनाला लागलं, म्हणून लिहायला बसले. मी मूळची कोल्हापूरची. १९९९ पासून न्यू जर्सीत एडिसनला राहते आणि नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला, घरी टर्की भाजते. इथल्या कितीतरी मराठी घरांत त्या दिवशी बाहेरून बिर्याणी येते. एकदा टर्की फसली की पुन्हा कुणी तिच्या वाटेला जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

माझीही पहिली टर्की फसली होती. १२ पौंडांचा, म्हणजे जवळपास साडेपाच किलोंचा गोठलेला पक्षी मी बुधवारी सकाळी फ्रीझरमधून काढून फ्रीजमध्ये ठेवला. गुरुवारी पोटात हात घातला तर आत बर्फाचा गोळा, आणि मान-कलेजीची पुडी त्यालाच चिकटलेली. तशीच भाजली. छातीचा पार भुसा झाला आणि मांडीच्या सांध्याशी मांस कच्चंच राहिलं. पाहुणे आमटी-भात जेवून गेले.

त्यात पक्ष्याचा काय दोष? छातीच्या मांसात चरबी नावालाच, ते लवकर शिजतं. मांडीला वेळ लागतो. मांडी शिजेपर्यंत छाती वाळते. बर्फ सुटायला चार-पाच पौंडांमागे फ्रीजमध्ये एक अख्खा दिवस, या हिशेबाने १२ पौंडांना तीन दिवस द्यायलाच हवेत. ओट्यावर रात्रभर ठेवू नका आणि सिंकमध्ये धूही नका. कच्च्या मांसाचं पाणी सगळीकडे उडतं.

मटणाला मीठ-हळद लावून मुरत ठेवल्याशिवाय आई चुलीवर पातेलं चढवायची नाही. इथेही तेच. पक्ष्यातला बर्फ सुटला की दोन मोठे चमचे जाडं मीठ चोळून दोन दिवस उघडाच फ्रीजमध्ये ठेवते. कातडी कोरडी पडते, म्हणून पुढे कुरकुरीत होते. वेष्टनावर मिठाचं पाणी टोचल्याचं लिहिलं असेल, तर मात्र वरून मीठ लावू नका.

अख्खी टर्की ३२५ अंश फॅरेनहाइटला तीन तास घेते. मी हल्ली मजबूत कात्रीने पाठीचा कणा कापून काढते, पक्षी उलटा करून छातीवर तळव्याने दाबते. हाड कट्‌ असं मोडतं आणि तो ताटासारखा पसरतो. कातडीखाली लोणी आणि सेज नावाच्या सुगंधी वनस्पतीची पानं. ४२५ अंशांना दीड तासाच्या आत होते. घड्याळावर मात्र विसंबू नका. मांसाचा थर्मामीटर मांडीच्या जाड भागात, हाडाला न लागता खुपसा. १६५ अंश दिसले की बाहेर काढा आणि अर्धा तास सुरी लावू नका. तेलात अख्खी तळायची हौस असेल, तर ती अंगणातच, आणि पक्ष्यातला बर्फ पूर्ण सुटलेला व तो कोरडा पुसलेला हवा. बर्फ उकळत्या तेलात पडला की भडका उडतो.

सोबतीच्या पदार्थांत फरसबीचं कॅसरोल, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेला एकत्र पदार्थ, आम्ही कधी चुकवत नाही. ते १९५५ मध्ये आमच्याच न्यू जर्सीत, कॅम्डेनला, कॅम्पबेल सूप कंपनीत डॉर्कस रायली यांनी बसवलं. मशरूमचं डब्यातलं सूप, फरसबी, वर तळलेला कांदा, बस्स. रताळ्यावर मार्शमेलो मला अजून रुचत नाहीत. इथल्या केशरी रताळ्यांचा कीसही होत नाही, गिच्च गोळा होतो. म्हणून फोडी नुसत्या तुपावर भाजते. क्रॅनबेरी मात्र माझी लाडकी. करवंदासारखी आंबट. मोहरी, मेथी, हिंगाची फोडणी करून त्यात टाकायची, टपटप फुटायला लागली की गूळ, तिखट, मीठ. दहा मिनिटांत मेथांबा तयार. मुलं टर्कीआधी तोच संपवतात.

जेवणं झाल्यावर दोन तासांच्या आत उरलेलं मांस फ्रीजमध्ये जातं आणि हाडं मोठ्या पातेल्यात. शुक्रवारी सकाळी त्यांचं पाणी गाळून, नारळाचं दूध आणि काजू-खसखशीचं वाटण घालून पांढरा रस्सा करते. लेखिकेला माझी विनंती आहे, यंदा एकदा मीठ मुरवून टर्की करा आणि शुक्रवारी हा रस्साही करून बघा.

आपली,
एक कोल्हापूरकर वाचक,
एडिसन, न्यू जर्सी