डाळिंबाचं झाड 'नर' नसतं, उपटू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी भांडुपला राहते. तीन वर्षांपूर्वी सोसायटीच्या गच्चीवर निळा ड्रम अर्धा कापून त्यात भगवा जातीच्या डाळिंबाचं गुटी कलम (झाडाच्या फांदीलाच मुळं फोडून केलेलं रोप) लावलं. झाड मस्त वाढलं पण दोन वर्षं नुसती फुलं यायची आणि गळायची, सकाळी गच्चीवर लाल सडा बघून जीव तुटायचा. जिथून रोप आणलं तिथे विचारलं तर म्हणाले ताई, नर झाड आलंय, काढून टाका आणि दुसरं न्या. मी काढणारही होते.

तेवढ्यात सांगोल्याचा मामेभाऊ लग्नाला आला, त्याची डाळिंबाची बाग आहे. त्याने गळलेली फुलं ओंजळीत घेऊन दाखवलं, बूड निमुळतं, घंटेसारखं असेल ती नर कळी, ती गळणारच. बूड फुगीर, छोट्या कळशीसारखं असेल ती मादी कळी, तिलाच फळ धरतं. दोन्ही एकाच झाडावर येतात, त्यामुळे नर झाड वगैरे काही नसतंच. मग त्याने विचारलं, पाणी रोज घालतेस? म्हटलं हो. आणि खत? युरिया. म्हणाला मग ते पानंच काढणार, फळ कशाला धरेल, ताण दे त्याला, म्हणजे काही दिवस पाणी तोड.

शेतात महिना-दीड महिना पाणी तोडतात पण ड्रमातली माती लगेच सुकते म्हणून मी डिसेंबरात रोज माती बघत होते, साधारण पंधरा दिवसांत पानं पिवळी पडून गळायला लागली. सासूबाई रागावल्या, झाड मारतेस म्हणून, मलाही रात्री झोप लागेना. मग सुकलेल्या काड्या आणि बुडातून आलेले फुटवे छाटले, शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड घातली, पाणी आधी थोडं मग वाढवत नेलं. ड्रम टाकीच्या सावलीत होता तोही सरकवला, सहा तास तरी ऊन पाहिजेच. जानेवारीच्या शेवटी कळ्या आल्या आणि ह्या वेळी कळशीवाल्या बऱ्याच होत्या. आमच्या गच्चीवर मधमाश्या फार येत नाहीत म्हणून सकाळी मऊ ब्रशने ह्या फुलातले पराग त्या फुलाला लावले. नऊ फळं धरली. झाड लहान, फांद्या वाकतात, म्हणून चारच ठेवली आणि अळी पोखरू नये म्हणून त्यांना जुन्या मलमलच्या पिशव्या बांधल्या.

एक चूक झाली. मे महिन्यात गावाला गेलो, झाड कोरडं राहिलं आणि जूनमध्ये एकदम धो धो पाऊस, दोन फळं तडकली. फळ भरत असताना पाणी सारखं लागतं, मध्ये खंड पडला की साल फुटते. उरलेली दोन जुलैच्या शेवटी काढली, घरातल्या सहा जणांनी दाणे वाटून खाल्ले.

विनंती अशी की शेतीच्या पानावर एकरांचा हिशोब असतो तसं कधीतरी आमच्या ड्रम आणि कुंड्यांबद्दलही छापा. आणि रोपं विकणाऱ्यांनी रोप बियांचं की गुटीचं एवढं तरी खरं सांगावं, बियांच्या रोपाला फळायला जास्त वर्षं लागतात, माणूस आशेने वाट बघत बसतो. परवाच बी विंगमधल्या काकांनी त्यांचं झाड उपटायला घेतलेलं, मी जाऊन थांबवलं, डिसेंबरात पाणी तोडायचं ठरलंय.

आपली,
एक वाचक, भांडुप, मुंबई